ताटल्या वाजवणारं मूल मिक्सरला का घाबरतं?

सकाळी मिक्सर सुरू झाला की तीन वर्षांचं मूल दोन्ही कान दाबून स्वयंपाकघरातून पळ काढतं. तेच मूल अर्ध्या तासानं स्टीलच्या ताटल्या फरशीवर आपटत बसतं आणि तो खणखणाट त्याला जराही खुपत नाही. आजीनं मायेनं गालावरून हात फिरवला तर अंग चोरून घेणारं मूल बाबांशी मस्ती करताना धाडकन गादीवर कोसळतं आणि खिदळत पुन्हा उठतं. हे पाहणाऱ्या मोठ्यांना वाटतं, याला काही होत नाही, नुसती नाटकं आहेत.

ही नाटकं नसतात. आपण स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, दुसऱ्यानं केल्या तर मात्र आवरत नाही. १९९८ मध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि क्रिस फ्रिथ या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनच्या मदतीनं याचं कारण शोधलं. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा त्यातून कोणती संवेदना येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्या संवेदनेची तीव्रता कमी करून टाकतो. दुसऱ्याचा स्पर्श असा आधी कळत नाही, म्हणून तो पूर्ण जोरानं जाणवतो. हा प्रयोग प्रौढांवर झाला होता आणि लहान मुलांच्या सगळ्या अडचणींचा उलगडा त्यातून होत नाही. तरीही पालकांच्या हाती एक धागा मिळतो. ताटली आपटणाऱ्या मुलाला पुढचा आवाज कधी येणार, केवढा येणार हे ठाऊक असतं आणि तो थांबवणंही त्याच्याच हातात असतं. मिक्सर मात्र अचानक गर्जतो आणि कधी थांबणार ते कळत नाही.

कमीअधिक प्रमाणात हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. काही मुलांच्या बाबतीत मात्र आवाज, स्पर्श, चव, वास, उजेड, हालचाल यांचा मेळ घालणं इतकं अवघड जातं की न्हाणं, जेवणं, कपडे घालणं, झोपणं ही रोजची साधी कामंही लढाई होऊन बसतात. पालकांच्या बोलण्यात याला ‘सेन्सरी इश्यूज’ म्हणतात. अशा मुलासाठी घर दोन मोठ्या गोष्टी करू शकतं. पुढं काय होणार याचा अंदाज त्याला देणं आणि जे होणार आहे त्यावर जमेल तेवढा ताबा त्याच्या हाती सोपवणं. पुढचे बहुतेक उपाय या दोन गोष्टींमधूनच निघतात.

पाच इंद्रियांच्या पलीकडे

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच इंद्रियं आपण शाळेत शिकतो. मुलाचं वागणं समजून घ्यायला आणखी तीन जाणिवा माहीत असाव्या लागतात.

पहिली तोलाची. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं फिरल्याचं टिपतात. त्यांच्याजवळच्या दोन छोट्या पिशव्या सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. झोक्यावर बसवलं की किंचाळणारं मूल किंवा गरगर फिरूनही ज्याला भोवळ येत नाही असं मूल, दोघांच्या वागण्याची मुळं इथं असू शकतात.

दुसरी जाणीव स्नायू आणि सांध्यांची. डोळे मिटलेले असतानाही आपला हात कुठं आहे, किती जोर लावलाय, हे त्यातून कळतं. ती अंधुक असेल तर मूल पेन्सिल इतकी दाबतं की टोक मोडतं, मित्राला मिठी मारायला जातं आणि त्याला पाडतं, दाराच्या चौकटीला सतत धडकतं.

तिसरी जाणीव शरीराच्या आतली असते. भूक, तहान, शी-शूची भावना, पोटदुखी, थंडी-ऊन. ती उशिरा कळणारं मूल खेळताखेळता चड्डी ओली करतं किंवा भुकेनं कासावीस होऊन रडतं, पण भूक लागली असं सांगत नाही. अशा मुलाला ‘शू आली का?’ असं विचारून उपयोग नसतो, कारण त्याला खरंच कळलेलं नसतं. ठरलेल्या वेळेला बाथरूमला नेणं, ठरलेल्या वेळेला खायला देणं, हाच त्याच्यासाठी सोपा मार्ग.

एकाच घरातल्या चार तऱ्हा

अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ) विनी डन यांनी १९९७ मध्ये एक उपयोगी मांडणी केली. संवेदना जाणवायला किती जोर लागतो आणि ती जाणवल्यावर मूल काय करतं, या दोन प्रश्नांवरून त्यांनी चार तऱ्हा सांगितल्या.

काही मुलांना पुष्कळ जोर लागतो आणि ती तो शोधत फिरतात. सोफ्यावरून उड्या मारतात, शर्टाची कॉलर चावतात, प्रत्येक गोष्टीला हात लावतात. काहींना तितकाच जोर लागतो, पण ती शोधत नाहीत. तीन हाका मारल्या तरी वळत नाहीत, नाक गळतंय हे त्यांना कळत नाही, आणि लोक त्यांना आळशी किंवा मंद म्हणून मोकळे होतात. काहींना थोडंही फार होतं आणि ती सतत बेचैन, किरकिरी राहतात. काहींना थोडंही फार होतं म्हणून ती ते टाळतात. पाहुणे आले की पलंगाखाली जातात आणि ओल्या वाळूत पाय ठेवत नाहीत.

एकच मूल एका जाणिवेत टाळणारं आणि दुसरीत शोधणारं असू शकतं. कान नाजूक, पण अंगाला दणकट हालचाल हवी, असं पुष्कळदा दिसतं. झोप, भूक, आजारपण, दिवसाची वेळ यांवरही हे बदलतं. सकाळी शांतपणे केस विंचरू देणारं मूल संध्याकाळी कंगवा पाहून रडलं, तर त्यात खोटेपणा नसतो. दिवसभराच्या गोंगाटानं त्याची सहनशक्ती तोवर संपलेली असते.

नाव, वाद आणि पालकांनी काय धरायचं

या विषयाचा पाया अमेरिकेतल्या ए. जीन आयर्स यांनी घातला. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ होत्या. संवेदनांचा मेळ आणि शिकण्यातल्या अडचणी यांवरचं त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं आणि पालकांसाठीचं १९७९ मध्ये. ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे ‘ओटी’ची, भारतातली सुरुवात मात्र मुंबईतली. जन्मानं अमेरिकी आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. आज जिल्ह्याच्या गावांतही पालक ‘ओटी चालू आहे’ असं सहज म्हणतात, त्यामागं ही सत्तर वर्षांहून जुनी वाट आहे.

वादही माहीत असायला हवा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण हा स्वतंत्र आजार म्हणून नाही. संवेदनांना अति किंवा अगदी कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांपैकी एक म्हणून मात्र त्यात आलं आहे. त्याच देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ मध्ये सांगितलं की हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, आणि थेरपी करायची तर तिच्या मर्यादा पालकांना स्पष्ट सांगाव्यात.

त्रास खरा आहे, वाद त्याच्या नावाचा आणि वर्गवारीचा आहे. ऑटिझम, एडीएचडी, वेळेआधी झालेला जन्म यांच्यासोबत या अडचणी जास्त दिसतात. यांपैकी काहीच नसलेल्या मुलांतही त्या दिसतात. म्हणून मूल कान दाबतं एवढ्यावरून ते ऑटिस्टिक ठरत नाही, आणि ‘फक्त सेन्सरी आहे’ अशी स्वतःची समजूत घालून तपासणी टाळणंही बरोबर नाही. वर्षाचं होऊनही मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, आलेली भाषा किंवा कौशल्यं गमावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी लगेच करून घ्यावी. कानाचा संसर्ग, ऐकू कमी येणं, दातदुखी, बद्धकोष्ठता यांमुळंही मूल असंच वागू शकतं, म्हणून या साध्या गोष्टी आधी पाहून घ्याव्यात.

आधी पाहा, मग बदला

घरच्या मदतीची सुरुवात वहीपासून करावी. मूल बिथरलं की चार गोष्टी टिपायच्या: आधी काय चाललं होतं, कुठं, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि कशानं शांत झालं. काही दिवसांत त्यातून एक आकृती दिसू लागते.

केस धुताना रडणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. ते पाण्याला घाबरतं, असं आपण धरून चालतो. पण नोंद वाचताना कळतं की बादलीत हात घालून ते तासभर खेळतं. रडू येतं ते डोकं मागं झुकवल्यावर. म्हणजे अडचण तोलाच्या जाणिवेची. मग डोकं मागं न झुकवता मान पुढं घालून, डोळ्यांवर दुमडलेला कोरडा पंचा धरून केस धुता येतात. दुसऱ्या एखाद्या मुलाला डोळ्यात फेस जाण्याची भीती असते, तिसऱ्याला डोक्यावर पाणी कधी पडणार हे न कळण्याची. तिसऱ्याच्या हातात छोटा तांब्या द्यावा. पहिले तांबे त्यानं खांद्यावर, मग मानेवर, मग डोक्यावर घ्यावेत. आपण ओतायचं असेल तर मोजून ओतावं: ‘आता तीन तांबे. एक… दोन… तीन. संपलं.’ तीन सांगून चौथा ओतू नये, कारण मुलाचा विश्वास त्या आकड्यावर असतो.

केस कापणंही असंच सुटं करून पाहावं. मानेभोवती आवळलेलं कापड, पाण्याचा फवारा, कानाजवळ गुणगुणणारं मशीन, मानेवर टोचणारे बारीक केस, परका हात. यांतली एखादी गोष्टच नको असते. गर्दी नसलेली वेळ, मशीनऐवजी कात्री, घरचा मऊ टॉवेल आणि नंतर लगेच अंघोळ, एवढ्यानंही खूप फरक पडतो. नखं कापण्याआधी बोटं एकेक करून घट्ट दाबून द्यावीत आणि आज कोणत्या हाताची कापायची हे मुलाला ठरवू द्यावं. दोन्ही हातांची एकाच दिवशी झाली पाहिजेत असं काही नाही.

कपड्यांत लेबल कापून टाकणं, पायमोजे शिवण बाहेर करून उलटे घालणं, नवे कपडे दोन-तीनदा धुऊन मऊ झाल्यावर वापरणं हे बिनखर्चाचे उपाय आहेत. जरीकाठाच्या परकराखाली मऊ सुती लेगिंग आणि भरजरी कुडत्याच्या आत जुना बनियन घातला तर लग्नाचा फोटोही होतो आणि मूलही टिकतं.

ताटातला अंदाज

खाण्याच्या बाबतीत आईवर सगळ्यात जास्त दोष येतो, आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. असं मूल बिस्किट, कुरमुरे, कोरडी पोळी खातं, भाजी मात्र तोंडातून बाहेर काढतं. कारण पाहा. एका पुड्यातली सगळी बिस्किटं सारखी असतात. दहावा घास पहिल्यासारखाच लागतो. पोह्यांत मात्र एका घासाला दाणा, दुसऱ्याला मिरची, तिसऱ्याला कढीपत्ता. भेंडी आज कुरकुरीत, उद्या बुळबुळीत. तोंडाची जाणीव तीव्र असलेल्या मुलाला असा प्रत्येक घास धोक्याचा वाटतो.

म्हणून भात, वरण, भाजी कालवून भरवण्याऐवजी वेगवेगळ्या वाट्यांत द्यावं. ओळखीच्या पदार्थाशेजारी नव्याचा एक छोटा तुकडा ठेवावा. तो खाल्लाच पाहिजे असं नाही. ताटात राहू देणं, बोटानं ढकलणं, वास घेणं, जिभेला लावून परत ठेवणं ही सगळी प्रगतीच आहे. वाटाणे सोलताना, पालक निवडताना, काकडी कोशिंबिरीसाठी चोचवताना हाताला जी ओळख होते ती पुढं तोंडाला उपयोगी पडते. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली कामाची वाटणी आपल्याकडच्या पंगतीलाही लागू होते: काय वाढायचं, कधी आणि कुठं बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलानं. नाक दाबून भरवणं, मोबाइल दाखवून नकळत घास सरकवणं यामुळं मुलाचा जेवणावरचा विश्वास जातो. वजन घटत असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा चालणारे पदार्थ महिन्यागणिक कमी होत असतील, तर घरगुती प्रयोगांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं.

अंगाला काम

ढकलणं, ओढणं, उचलणं, दाबणं, चढणं यांतून स्नायू आणि सांध्यांना भरपूर संवेदना मिळते. धावाधाव करणारं मूल पुष्कळदा त्यानं स्थिरावतं आणि सुस्त मूल सावध होतं. थेरपिस्ट याला ‘हेवी वर्क’ म्हणतात, आणि मराठी घरात ते जागोजागी आहे. कणीक मळणं, खलबत्त्यात दाणे कुटणं, ओला पंचा पिळणं, भाजीची पिशवी दोन्ही हातांनी आणणं, उशा-गोधड्या उचलून रचणं, झाडांना छोट्या बादलीनं पाणी घालणं. खेळांत लंगडी, बेडूकउड्या, कोलांटउडी, सूर्यनमस्कार. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको असेल तर दोन्ही हातांनी भिंत ढकलण्याचा खेळ किंवा गादीवरून लोळण्याचा खेळ चालतो. हे काम अवघड प्रसंगाच्या आधी ठेवावं: जेवायला बसण्याआधी, शाळेत निघण्याआधी, पाहुणे यायच्या आधी.

मात्र जबरदस्ती नको. झोका कितीही चांगला असला तरी तो थांबवायचा अधिकार मुलाचा. गरगर फिरवणं विशेष जपून, कारण त्याचा परिणाम उशिरा दिसू शकतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळलं तर लगेच थांबावं.

टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राणिशास्त्रज्ञ बाईंचा अनुभव इथं बोलका आहे. लहानपणी त्यांना मिठी असह्य व्हायची, तरी दाबाची ओढ होती. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर त्यांनी गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहिला, आणि वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं. त्याचा दांडा त्यांच्या हातात होता. किती दाब घ्यायचा, कधी सोडायचा, हे त्याच ठरवत. दुसऱ्याच्या मिठीत नेमकी हीच सोय नसते. म्हणून मुलाला मिठी मारण्याआधी हात पसरून थांबावं आणि त्याला येऊ द्यावं. गालावरच्या हलक्या, फिरत्या स्पर्शापेक्षा खांद्यावरचा स्थिर, भक्कम हात बहुतेक मुलांना सोसतो. गोधडीची गुंडाळी मुलानं स्वतः मागितली तर करावी, चेहरा उघडा ठेवावा आणि त्याला स्वतःहून बाहेर येता आलं पाहिजे. बाजारात मिळणारी वजनदार ब्लँकेट तान्ह्या बाळांना मुळीच वापरू नयेत आणि लहान मुलांना थेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय नकोत.

सणाचा दिवस

संक्रांतीनंतरचं बोरन्हाण हा आपल्याकडचा किती गोड सोहळा. पण संवेदनशील मुलाच्या बाजूनं तो पाहावा. नवं काळं झबलं, गळ्यात आणि हातात खडबडीत हलव्याचे दागिने, समोर ओवाळणीची ज्योत, आणि मग अचानक डोक्यावर बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे. त्याच क्षणी दहा-बारा मुलं त्याच्या अंगावर झेपावतात. वरून येणारा, न दिसणारा, न थांबवता येणारा मारा! मूल रडलं की लोक हसतात आणि व्हिडिओ काढतात.

हा सण सोडून देण्याची गरज नाही. आदल्या दिवसांत परातीत चुरमुरे घेऊन मुलाला खेळू द्यावं. बाहुलीचं बोरन्हाण त्याच्या हातून करवावं. प्रत्यक्ष दिवशी दागिने झबल्यावर टाचावेत, त्वचेला लागू देऊ नयेत, किंवा त्याच्या हातात द्यावेत. फक्त चुरमुरे आणि हलवा, तेही समोरून, त्याला दिसेल असे, खांद्यावर आणि मांडीवर टाकावेत. बाकी मुलांनी रांगेत बसावं आणि त्यानं ‘घ्या’ म्हटल्यावर वेचावं. मूल हात वर करेल तेव्हा सोहळा संपला. विधी तोच राहतो, आणि आता उत्सवमूर्ती मूल त्यात सहभागी होतं.

गणपती, दिवाळी, लग्नकार्य यांनाही हेच सूत्र लावावं. आरतीत मुलाच्या हातात झांज द्यावी, कारण स्वतः वाजवलेला आवाज सोसतो. ढोल-ताशा दुरून, बाहेर पडायची वाट जवळ असेल अशा जागेवरून दाखवावा. कानावरचे इअरमफ जत्रेत, मिरवणुकीत, फटाक्यांच्या वेळी जरूर वापरावेत, पण दिवसभर घालून ठेवू नयेत, नाहीतर साधे आवाजही मोठे वाटू लागतात. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनीची मर्यादा आहे. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची. गल्लीतल्या मंडळाशी, सोसायटीशी आधी बोलून मिरवणुकीची वेळ विचारून घेणं हा मुलाचा हक्क मागणं आहे, त्यात संकोच नको.

एवढं करूनही कधीतरी बांध फुटतोच. खाऊ मिळावा म्हणून केलेला हट्ट खाऊ मिळाल्यावर थांबतो. संवेदनांच्या भडिमारातून आलेला उद्रेक मागितलेलं सगळं दिलं तरी थांबत नाही, कारण त्या वेळी मूल विचार करण्याच्या स्थितीतच नसतं. अशा वेळी प्रश्न, उपदेश, धमक्या हे आणखी आवाजच ठरतात. त्याला गर्दीतून बाजूला न्यावं, उजेड कमी करावा, जवळ बसावं, मोजके शब्द हळू बोलावेत. काय झालं याबद्दल बोलायचं ते नंतर, पाणी पिऊन, खाऊन, शांत झाल्यावर.

घरातली माणसं

मुलाला सगळ्यात जास्त मदत होते ती घर एका सुरात वागलं तर. आई तीन तांबे मोजते आणि काका गंमत म्हणून मागून पाणी उडवतात, असं झालं तर आईची मेहनत वाया जाते.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ असं आजी म्हणतात. त्यांच्याशी वाद घालून फारसं काही साधत नाही. ‘आई, तुम्ही पुरण वाटताना त्याला जवळ घ्या ना, जोर लावायचं काम त्याला मानवतं,’ असं म्हटलं तर आजींच्या हातात काम येतं, आणि उपाय त्यांचाही होतो. पुष्कळदा बोलता बोलता कळतं की मुलाच्या बाबांनाही लहानपणी लोकरीचा स्वेटर चालत नसे, दुधावरची साय पाहून मळमळायचं. त्यांना त्या काळी हट्टी म्हटलं गेलं. हे एकदा उघड बोललं गेलं की घरातला दोषारोप कमी होतो.

भावंडाकडंही लक्ष हवं. ‘त्याला सगळं माफ’ असं मोठ्या बहिणीला वाटणं स्वाभाविक आहे. त्याचे कान कसे आहेत हे तिला तिच्या वयाच्या भाषेत सांगावं, आणि आठवड्यातला काही वेळ फक्त तिचा ठेवावा. आईबाबांनीही आळीपाळीनं विश्रांती घ्यावी. दमलेल्या माणसाचा आवाज चढतो आणि मूल तो चढलेला आवाज सगळ्यांच्या आधी टिपतं.

बालवाडीच्या बाईंना लांब अहवाल देण्यापेक्षा एका कागदावर पाच ओळी द्याव्यात: याला काय त्रास देतं, चेहऱ्यावर आधी काय दिसतं, काय केलं की बरं वाटतं. मधल्या सुट्टीची घंटा वाजण्याआधी खूण करणं, रांगेत सर्वांत पुढं किंवा मागं उभं करणं, फळा पुसायचं काम देणं एवढं बहुतेक बाई आनंदानं करतात.

मदत कुठं आणि किती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि विकासातल्या अडचणींसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. खर्चाच्या ओझ्यानं थांबलेल्या पालकांनी अंगणवाडीताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

संवेदनांचा मेळ साधायला शिकवणाऱ्या थेरपीचा पुरावा संमिश्र आहे. २०१४ मध्ये रोझॅन शाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ऑटिस्टिक मुलांच्या एका छोट्या गटावर केलेल्या अभ्यासात, मुलांसाठी ठरवलेली उद्दिष्टं थेरपी घेणाऱ्यांनी जास्त गाठली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत मुलांच्या वागण्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून थेरपिस्टना मोकळेपणानं विचारावं: रोजच्या आयुष्यातलं नेमकं कोणतं काम सोपं व्हायला हवंय? किती महिन्यांनी आपण आढावा घेणार? मला आत बसून पाहता येईल का? घरी काय करायचं? चांगली थेरपिस्ट या प्रश्नांचं स्वागत करते. पालकांना बाहेर बसवणारी, सगळ्या मुलांना एकच वेळापत्रक देणारी, ‘पूर्ण बरा करू’ अशी हमी देणारी जागा टाळावी.

या साऱ्याचा हेतू मुलाला जगापासून झाकून ठेवणं हा नाही. सगळंच टाळलं तर भीती वाढते, सगळंच लादलं तरीही वाढते. थोडं थोडं, ओळखीच्या माणसासोबत, थांबवायची मुभा ठेवून जगाला सामोरं जाणारं मूल हळूहळू स्वतःचं शरीर ओळखू लागतं. एक दिवस ते म्हणतं, ‘मला आवाज जास्त होतोय, मी बाहेर जाऊन येतो.’ हे वाक्य म्हणता येणं ही मोठी कमाई आहे. अशी काही संवेदनशीलता मोठेपणीही राहू शकते, पण ती ओळखून तिची सोय करता येणारा माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो.

सुरुवातीला एकदम सगळं घर बदलायला जाऊ नये. दिवसातला एकच अवघड प्रसंग निवडावा, न्हाणं किंवा जेवण किंवा शाळेत निघणं. त्यात मुलाला पुढचं आधी सांगावं, एक निवड त्याच्यावर सोडावी आणि घरातल्या सगळ्यांनी तो प्रसंग तसाच करावा. तो सोपा झाला की दुसरा घ्यावा. मूल आपल्याला त्रास देत नसतं, ते स्वतः त्रासात असतं, एवढं घराला पटलं की बाकीचं शिकता येतं.